जिभेला न लावायचा अंगारा

बोरी गावात नर्मदाबाईंच्या परसात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं कुंपणावर, बाया ओसरीवर आणि मधोमध वाफ्यापाशी, पाटावर, अंगारेबाबा. बाबांनी दगडाखालची एक गोगलगाय काटकीनं उचलून पत्र्यावर ठेवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि वरून चिमूटभर अंगारा टाकला. गोगलगाय आक्रसली आणि बघता बघता तिचा फेस झाला.

"बघा! ही गोगलगाय न्हाई, धाडलेली हाय. भानामती फेस काढायलीय!"

"लय कडक बाबा हाय," म्हणत पुढं बसलेल्या उमाजीनं हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. गर्दीला हात जोडायला कारण लागत नाही, पुढच्यानं जोडले की पुरतं.

नर्मदाबाईंची सून सत्यशीला दारात ओठ चावत उभी होती. ती गावातल्याच शाळेत शिकवायची. हा सगळा तमाशा चालला होता स्ट्रॉबेरीवरून. नर्मदाबाईंच्या भावानं वाईहून ओल्या गोणपाटात गुंडाळून रोपं आणली होती. थंडीत ती छान धरली, फळं लाल झाली आणि रोज सकाळी फळांना भोकं दिसू लागली. मागच्या आठवड्यात बाबांनी वाफ्याभोवती अंगाऱ्याची रेघ ओढली. गोगलगायी रेघेवर मरून पडल्या, बाबांचा जयजयकार झाला. आता मात्र रोपांच्याच पानांच्या कडा करपल्या होत्या.

त्यावरही बाबांचं उत्तर तयार होतं. "भानामती उलटलीय. करणारीन जवळच हाय. हिकडं कुणाची शेळी येती?"

शेळ्या यायच्या शेजारच्या कोंडाबाईच्या. ती विधवा, आणि त्या दोन शेळ्यांवरच तिचं पोट.

"काळी शेळी मला उताऱ्याला द्या. अन् हिचं तोंड काळं करून येशीभायेर काढा!"

काळी शेळीच गाभण होती, हे बाबांना डोळे मिटूनही बरं दिसलं. भुताला भूक लागते ती नेहमी बाबाच्याच पोटात.

"माय, म्या काय बी केलं न्हाई वं," कोंडाबाई रडकुंडीला आली. नर्मदाबाईंनी मान फिरवली. कुणीतरी काजळी आणायला पळालंसुद्धा. सत्यशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात बाबा पुड्या वाटू लागले. "कपाळाला लावा. जिभेला लावायचा न्हाई! जीभ झडंल."

सत्यशीला थबकली. अंगारा म्हटला की बोटभर कपाळाला आणि उरलेला जिभेवर, हे लेकरालाही ठाऊक. पोखर्णीच्या नरसिंहाचा अंगारा ती लहानपणापासून खात आली होती. मग याच अंगाऱ्याला जिभेचं वावडं का? तिनं पुडी उघडली आणि सगळ्यांदेखत चाटली.

"अगं बया!" नर्मदाबाई किंचाळल्या.

"आत्याबाई, जीभ जाग्यावर हाय. मीठ हाय हे! राखेत कुटून घातलेलं मीठ."

ती घरातून मिठाची बरणी घेऊन आली. दुसरी गोगलगाय पत्र्यावर ठेवून तिनं वर मीठ टाकलं. तोच फेस.

"मी कोणता मंत्र म्हणला, सांगा! मीठ तिच्या अंगातलं पाणी ओढतं, म्हणून फेस सुटतो. तेच मीठ पाण्याबरोबर मुळाशी गेलं अन् पानं करपली. तुमची रोपं कोंडाबाईनं न्हाई, ह्या बाबानं जाळली. बाबा, तुमी चाखता का?"

बाबांना नेमकं तेव्हाच मौन लागलं. झोळी उचलून ते निघाले. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते खरंच, कारण मागून पोरं धावली तेव्हा बाबांचे पाय चांगलेच बाहेर आले.

"वाफ्याला सकाळी पाणी द्या, फळांखाली वाळला भुसा अंथरा. रातच्याला ओलं गोणपाट टाकून ठेवा, गोगलगायी त्याच्याखाली जमतात. सकाळी वेचून काढा, झालं," सत्यशीला म्हणाली. "अन् हात जोडायच्या आधी जरा चाखून बघत जा. इचारल्यानं आपली जीभ झडत न्हाई, बाबाची झडती."

उमाजी पायाकडे बघत राहिला. नर्मदाबाईंनी एक धड फळ तोडून कोंडाबाईच्या हातावर ठेवलं. माफी मागायला त्यांना दुसरं काही सुचेना.

कोंडाबाईनं डोळे पुसले, फळ चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट हाय की वं! ह्याच्यापायी माझं तोंड काळं करायलते व्हय?"