बेहड्याची खुर्ची

"माझी खुर्ची कधी रिकामी रायत नाही, अन् हे तुमच्यातल्या एकालेबी पटनार नाही," पुंजाराम पारावर बसून म्हणाला. कोणाला पटू नये, हीच त्याची मोठी हौस होती.

ते दिवस कापसाला सोन्याचा भाव येण्याचे होते. समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई पेटली होती आणि तिच्या आचेवर वऱ्हाडातल्या कढया तापत होत्या. कोणी बायकोला गोठ घडवले, कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. पुंजारामनं अकोल्याच्या बाजारातून करवत, रंधा आणि चार पटाश्या आणल्या. कुणब्याच्या हातात सुताराची हत्यारं बघून गाव पोट धरधरून हसलं. त्यानं आधी पाट केला. त्यावर जेवायला बसलेला पाहुणा होडीत बसल्यासारखा डुलायचा. मग पोळपाट केला, तो इतका उतरता की पोळी आपली आपणच तव्याकडं निघायची. पुंजाराम दोन्ही वस्तू येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी, आणि हेच त्यांचे गुण म्हणून सांगे.

मग अकोल्याला रूळ टाकणाऱ्या साहेबाच्या तंबूबाहेर त्यानं खुर्ची पाहिली. हात असलेली, मागं टेकता येईल अशी. चपराशानं हाकलेपर्यंत त्यानं तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि वितांची मापं डोक्यात भरून घरी आला.

पंचाईत झाली लाकडाची. मेळघाटातलं सागवान सगळं त्या रुळांखालीच चाललं होतं. धारणीकडून आलेल्या एका गाडीवर बेहड्याचा ओंडका पडून होता, त्याला कोणी हात लावत नव्हतं. पुंजारामनं तो उतरवून घेतला. गावचा सुतार कुर्बान मिस्तरी एरवी कशालाही हसणारा माणूस, पण ओंडका पाहून तो ओट्यावर चढलाच नाही. बेहड्यात वस्ती असते, झाड पाडलं तरी आतला उठून जात नाही. आमच्या बापजाद्यांनी बेहड्याची खुंटीसुद्धा कोणाच्या घरात ठोकली नाही, असं त्यानं खालूनच सांगितलं. असला आत कोणी तर रंध्याखाली निघेल, असं म्हणून पुंजाराम कामाला लागला.

पावसाळाभर तो तासत बसला. दसऱ्याला ओसरीत खुर्ची उभी राहिली. चारी पाय भुईला टेकले, हे त्याचं त्यालाच खरं वाटेना. पायांखालून दोरा सरकवून पाहिला, तो अडला. जन्मभर त्यानं जे पिकवलं ते गाड्यांत भरून गेलं. कोणाच्या अंगावर चढलं, कळलं नाही. ही एकच वस्तू त्याच्या हातची होती आणि घरात राहणार होती.

मग कापसाची वेचणी लागली. एके दिवशी तिसऱ्या प्रहरी तो गाडी भरायची दोरी न्यायला वावरातून घरी आला आणि जाता जाता खुर्चीच्या फळीवर हात टेकला. फळी गरम होती. ओसरीत ऊन येत नव्हतं. मधोमध तेवढीच गरम, कडा गार. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या उशीसारखी. दुसऱ्या दिवशी मुद्दाम आला, तर तसंच. मांजर बसत असेल म्हणावं, तर मांजरीनं ओसरीच सोडली होती. दूध ठेवलं तरी ती दारातून मागं फिरायची. चौथ्या दिवशी तो दबकत आला. पायरीवर होता तेवढ्यात लाकूड करकरलं, एखादं जड माणूस दोन्ही हात टेकून उठावं तसं. ओसरीत कोणी नव्हतं. फळीला हात लावायला त्याला त्या दिवशी फार वेळ लागला.

भ्याला तो पक्का. पण भीती सांगितली तर गाव हसणार, म्हणून त्यानं तिची बढाई केली. ओंडक्यातल्या भुताला जंगल सोडवलं, पण पुंजारामची खुर्ची सोडवत नाही! पारावर ते भूत रोज वाढू लागलं. त्याला मिशा फुटल्या, पाय उलटे झाले, ते चिलमीला विस्तव मागू लागलं.

अखेर एक दिवस महादेवराव पाटील स्वतः आले. दिवेलागणीची वेळ, वावरातली माणसं परतलेली. कुर्बान आणि आणखी चौघं मागं. पाटील हसत हसत खुर्चीत बसले, आणि बसले तसेच उठले. तोंडाचा चुना झाला होता.

"पुंजाराम," ते म्हणाले, "खाली फयी नाही लागली मले. मांडी लागली."

मग कोणी हसलं नाही. खुर्ची गावाबाहेर न्यायची आणि आत्ताच जाळायची, असं ठरलं. दोघांनी उचलण्यासाठी हातांना पोती गुंडाळली. कुर्बाननं वाकून सांधे पाहिले. "सांधे मात्र मिस्तरीसारखे बसवले, भाऊ," तो हळूच म्हणाला, आणि त्याला पुंजारामकडं पाहवेना.

पुंजाराम खुर्चीचा हात धरून उभा राहिला. भूतबित काही नाही, मिशा मीच लावल्या, पायही मीच उलटे केले, असं तो सगळ्यांना विनवून सांगू लागला. पण फळी गरम का, आणि पाटलांना मांडी कशी लागली, असं विचारताच त्यानं खुर्चीचा हात आणखी घट्ट धरला.

तेव्हा त्याची बायको दुर्गाबाई चुलीपासून उठून दारात आली. नजर भुईला लावून म्हणाली, "भूत नाही, पाटील. दुपारी मीच बसत होती तिच्यात."

बाईमाणूस, अन् हातांच्या खुर्चीत! ओसरी हसण्यानं फुटली. पाटील सगळ्यांत मोठ्यानं हसले. आपल्यालाही उगाच भास झाला म्हणाले, आणि जोडे शोधू लागले. पोती सुटली. पुंजारामनं बायकोकडं पाहिलं. त्याच्या हातच्या एकाही वस्तूला ती आजवर बरं म्हणाली नव्हती, आणि आज त्याच्या खुर्चीसाठी गावाच्या तोंडी गेली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पार्बताबाई बोलली. पुंजारामची आई, पाय आणि डोळे दोन्ही गेलेले, दोन वर्षं खाटेला खिळलेली.

"काहून खोटं बोलून राहिली वं, दुर्गा? येचनी लागल्यापासून तू एक तरी दुपार घरी होती काय? मी असतो इथं एकटी. डोये गेले माहे, कान नाही गेले. रोज बसते तो, रोज उठते. बांगडी एकबी दिवस वाजली नाही."