तिसऱ्या पायरीपर्यंतचं पाणी

"होडी जाऊ दे!" देरामान ओसरीवरून ओरडला. "आम्हाला यायचं नाही!"

होडीवाला चिडला. "काका, नदी बघा कशी फुगलीय! दुसरी फेरी होईलच असं नाही."

"बघतोय की. सव्वीस सालीही अशीच फुगली होती. हाच डिसेंबर, हेच लाल पाणी. मशिदीच्या तिसऱ्या पायरीला लागलं आणि थांबलं. माझ्या बापाने डोळ्यांनी पाहिलंय."

घर त्याच्या बहिणीचं, कल्सोमचं. आत ती कपड्यांचं बोचकं बांधून तयार होती. तिचा नवरा जुसोह अंगाने लुळा पडलेला. त्याला हलवायचं म्हणजे चार माणसं हवीत.

"दादा, खरंच थांबेल ना?"

"नदीचं पाणी मोजण्यात जन्म गेला माझा. उगाच त्याचे हाल कशाला करतेस?"

कल्सोमने मान हलवली आणि बोचकं सोडलं.

१९२६ साल देरामानला तोंडपाठ होतं. यंदा, २०१४ साली, पाऊस लागल्यापासून चहाच्या दुकानात तो दोन्ही सालं शेजारी शेजारी मांडायचा. तारीख जुळली की त्याचा चेहरा खुलायचा.

पहाटे पाणी घरात शिरलं आणि चढतच राहिलं. देरामानने छपराचा पत्रा उचकटला, जुसोहला पाठीशी बांधून वर नेलं. दोन दिवस तिघंही पावसात भिजत बसली. मग सैनिकांनी त्यांना शाळेतल्या छावणीत आणलं. तिथे जुसोहच्या छातीत कफ भरला आणि आठवड्याभरात तो गेला.

लोक येऊन देरामानचे हात हातात घेत. "या वयात पाठीवर माणूस घेऊन छपरावर चढलात! कमाल केलीत!" कल्सोमही येईल त्याला हेच सांगे. देरामान खाली मान घालून भातात नुसती बोटं फिरवी.

एके दुपारी गावातली सर्वांत म्हातारी मेक एसाह त्याच्याशेजारी येऊन टेकली. "अगदी बापावर गेलास बघ. सव्वीस साली मी आईच्या कडेवर होते. आई सांगायची, तिसऱ्या पायरीला पाणी लागलं तशी तुझ्या बापाने अख्खं गाव होड्यांत कोंबलं. कुणाचं म्हणून ऐकलं नाही."

"आणि मग पाणी थांबलं, मावशी."

"थांबतंय कसलं! परत आलो तर मशीदच जागेवर नव्हती. आत्ताची ही नंतर बांधलेली."

तिसऱ्या पायरीपर्यंतचं पाणी पाहिलं, एवढंच बाप सांगायचा. थांबलं, असं कोण म्हणालं होतं? खूप आठवूनही बापाच्या तोंडी तो शब्द सापडेना.

पाणी ओसरल्यावर तो कल्सोमच्या घरी गेला. ती अंगणात जुसोहच्या गादीवरचा चिखल खरवडत होती. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "होडी मी परत पाठवली, कल्सोम. मी."

तिचा हात थांबला. "मान तर मीही हलवली होती," ती म्हणाली. मग तिने गादीची एक बाजू धरली.

"धरा तिकडून," ती म्हणाली.

भिजून जड झालेली गादी दोघांनी उचलली. ती कुठे ठेवायची, ते मात्र तिने सांगितलं नाही. देरामान आपलं टोक धरून उन्हात उभा राहिला.