बरणीतला पाव्हणा

ती बरणी माझ्या माहेरची. आईनं चिखलीच्या बाजारात चार दुकानं पालथी घालून लोणच्यासाठी घेतलेली, जाड काचेची. तिच्यात आमच्या मालकांनी कोळी ठेवला. जाळ्यात बसणारा बारीक कोळी नव्हे, बिळात राहतो तो. तळहाताएवढा, काळपट, अंगभर केस. असला प्राणी घरात निघाला की बायका खराटा उचलतात आणि पुरुष बायकांना हाका मारतात. मीही खराटा घेऊनच धावले होते.

मालक म्हणजे माझे यजमान. आम्ही अमडापूरचे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. सासूबाई, कौशल्याबाई, मालकांना गुलाब म्हणून हाक मारतात. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी कडब्यानं भरलेल्या बैलगाडीवरून मालक खाली पडले आणि मांडीचं हाड मोडलं. एका वैदूनं बांबूच्या कामट्या लावून बांधलं, ते वाकडंच जुळलं. तेव्हापासून हा धिप्पाड माणूस भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडलेला. बोलणं नाही, जेवणाचं ताट अर्धं परत. मला त्यांच्या पायापेक्षा त्या पाठीचीच भीती वाटायची.

कोळी निघाला तो त्याच भिंतीच्या फटीतून. मी खराटा उगारला आणि बाजेवरून आवाज आला, "थांब! मारू नोको."

कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले होते, म्हणून मी थांबले. त्यांनी गोधडीवर हात उताणा ठेवला आणि तसेच पडून राहिले. कोळी आला, पुढचे दोन पाय बोटांवर टेकवून पाहिले, मागे सरला, पुन्हा आला आणि सावकाश तळहातावर चढून बसला. चावणं नाही, पळणं नाही.

"पाह्य," मालक म्हणाले. "याले धराचं नाही. हात ठेवाचा अन् थांबाचं. त्याच्या मनात आलं का तो येते."

त्या दिवशी ते भिंतीला टेकून उठून बसले आणि माझी बरणी गेली. बरणीत माती, फुटक्या माठाची खापरी, डबीच्या झाकणात पाणी. तोंडाला फडकं बांधलेलं. ते त्याला पाव्हणा म्हणत. पाव्हण्यासाठी मी अंगणात नाकतोडे धरायचे, असा त्यांचा हुकूम. मी तोंडानं शिव्या घालत धरायचे, पण धरायचे. घरातला माणूस बोलायला लागला होता ना.

पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हाड पुन्हा मोडून नीट जुळवावं लागेल, मग कमरेपर्यंत प्लॅस्टर. हाड जुळेल, पण नंतर यांनी हिमतीनं पाय टेकला पाहिजे. मनानं खचले तर जन्मभर बाजेवरच. निघायच्या दिवशी मालकांनी मला जवळ बोलावलं.

"म्या पाव्हण्यावर कौल धरला," ते म्हणाले. "तो जगला तर म्या चालीन."

"अन् नाही जगला तं?" मी विचारलं.

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला असा राग आला म्हणून सांगू! देवाला कौल लावावा, तिथं पुजारी असतो, काही रदबदली करता येते. कोळ्याला कौल कुणी लावतं? आणि तो सांभाळायचा कुणी? जिला पालसुद्धा बघवत नाही तिनं!

धाकटे दीर दवाखान्यात त्यांच्यापाशी राहिले. घरी म्हैस, मी, सासूबाई आणि पाव्हणा. पहिल्याच आठवड्यात मी त्याला दूधभात घातला. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, मुंग्या मात्र लागल्या. त्या वेचता वेचता माझा घाम निघाला. मग वाटलं गारठला असेल, म्हणून बरणी उन्हात ठेवली, तर तो खापरीखाली असा आक्रसला की मी धावत जाऊन उचलून आणली. पाणी जास्त झालं तर मातीला बुरशी, कमी झालं तर जीव टांगणीला. विचारणार कुणाला? म्हशीला काय झालं तर गाव सांगायला येतं. कोळ्याला काय झालं हे सांगणारं कोणी नाही.

शेजारचे निवृत्ती भाऊजी एस.टी.वर ड्रायव्हर. त्यांची गाडी अकोल्याला जायची, त्यामुळे निरोप यायचा. निरोप एकच. पायाचं नाही, आईचं नाही, माझं तर नाहीच. "पाव्हणा कसा आहे?" आणि मी दर वेळी सांगायची, "मजेत आहे म्हणा."

मजेत कुठला! आषाढात त्यानं खाणंच सोडलं. नाकतोडा अंगावरून उड्या मारत जायचा आणि हा पाय आखडून घ्यायचा. पोटावर मागच्या बाजूला टक्कल पडलं होतं, ते दिवसेंदिवस काळं होत गेलं. मी कामं टाकून बरणीसमोर बसायची. भाकरी करपायची. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण वास बरोबर यायचा.

"पुष्पे, काऊन जाळून राह्यली भाकर?"

"काई नाही, आत्याबाई." त्यांना कौलाचं सांगायची माझी छाती होत नव्हती.

नागपंचमीच्या सकाळी निवृत्ती भाऊजी दारात आले. "वैनी, उद्या पहिल्या गाडीनं चला. प्लॅस्टर कापणार हायेत. दादानं तुमाले बलावलं."

ते गेले आणि मी बरणीकडे गेले. पाव्हणा उताणा पडला होता. आठही पाय वर, आतल्या बाजूला वळलेले. खाली पांढऱ्या जाळ्याचं अंथरूण केलेलं, जणू स्वतःचं स्वतःच आवरून ठेवलं. काल टाकलेला नाकतोडा त्याच्या पायांशी हुंदडत होता. मला ते बघवेना. मेलेल्याची अशी टवाळी नको म्हणून मी फडकं सोडून त्या नाकतोड्याला बाहेर काढलं.

उद्या प्लॅस्टर कापणार आणि उद्याच मी जाऊन काय सांगू? मग डोकं चालायला लागलं. याला परसात पुरायचं. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, असली बिळं असतात, तिथून दुसरा आणायचा. कोळी तो कोळी. पायात आणि केसात काय फरक कळणार? मी कुदळ शोधायला निघाले. कुदळ जागेवर नव्हती. सासूबाई बाजेवर बसल्या होत्या आणि कुदळ बाजेखाली.

"आज कुदय भेटत नाही," त्या म्हणाल्या. "नागपंचमी हाय. जमीन खणाची नाही."

"आत्याबाई, एवढीशी माती..."

"बोटभर बी नाही."

पुरायलाही नाही आणि दुसऱ्याचं बीळ उकरायलाही नाही. माझा तोल गेला आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं. कौल, उतरलेली भूक, उताणा कोळी, माझा खोटेपणाचा बेत. वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "आन ती बरणी."

मी आणली. कोळी खरंच मेलाय का ते बघावं म्हणून मी चुलीजवळची काडी घेऊन त्याला सरळ करायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आज कोन्या जीवाले काडी लावाची नाही. मेला असन तं उद्या पुर. आज राहू दे जसा हाय तसा."

भिंतीवर नाग काढला होता, त्याच्यापुढे त्यांनी बरणी ठेवली. नागाला लाह्या वाहिल्या, चार बरणीपुढेही ठेवल्या. पोरासाठी ही म्हातारी कोळ्यालाही हात जोडत होती. मला रडू आलं आणि मी ते पुरणाची दिंडं उकडायच्या वाफेवर ढकललं.

दुपारी भांडी घासून आले तर पाव्हण्याचा एक पाय हलला. मला भास वाटला. मग दुसरा हलला. मग खालच्या बाजूचं, पाठीचं कवच डबीच्या झाकणासारखं उघडलं आणि आतून काहीतरी फिकट, ओलं, बाहेर यायला लागलं.

"आत्याबाई, तो फाटून राह्यला!"

"फाटून नाही," त्या बरणीवर वाकल्या, दिसत काहीच नसणार. "कात टाकत असन. सापाची पाह्यली म्या. तू फक्त हात लावू नोको."

तो एकेक पाय जुन्या पायातून ओढत होता. ओढायचा आणि थांबायचा, इतका वेळ थांबायचा की मी श्वास घ्यायचं विसरायची. मागचा एक पाय अडकला. माझी बोटं शिवशिवली. एवढीशी मदत केली तर काय बिघडेल? सासूबाईंनी माझा हात आपल्या मांडीवर दाबून ठेवला होता, तो सोडला नाही. दिवस कलायला लागला तेव्हा तो पाय सुटला. बरणीत आता दोन कोळी होते, एक पोकळ आणि एक पांढुरका, गळून गेलेला, जिवंत.

सकाळी तो आपल्या पायांवर उभा होता. मी कात अलगद काढून कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि पहिली गाडी धरली.

दवाखान्यात पोचले तेव्हा प्लॅस्टर कापून झालं होतं. मी मालकांचा पाय पाहिला. पांढुरका, वाळलेला, हा त्यांचा पायच नव्हे. ते खाटेच्या कडेला बसले होते. डॉक्टर सांगून गेले होते, टेका. ते टेकत नव्हते.

मी डबी उघडून पुढे धरली. त्यांचा चेहरा उतरला.

"मेला?"

"मेला नाही. कात हाय ती. पाव्हणा घरी उभा हाय."

ते कातीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं होतं, मेला तं तू दुसरा आणून ठेवशील."

"आणणारच होती," मी म्हणाले. "तुमच्या मायनं कुदय देली नाही."

ते हसले. पण पाय काही खाली गेला नाही. जमिनीपासून वीतभर वर थरथरत राहिला. "तो... लगेच चालला?"

"नाही. पहिले नुसता पडून होता. मंग उभा राह्यला."

दीर त्यांना काखेत धरायला पुढे झाले. मी त्यांना मागे सारलं. खाली फरशीवर बसले आणि त्या पायाखाली माझा हात उताणा ठेवला. धरलं नाही, ओढलं नाही, बोलले नाही. हात फरशीवर गार पडत चालला होता. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघत होते.

कितीतरी वेळानं पहिल्यांदा अंगठा टेकला. मागे गेला. पुन्हा आला. मग त्यांच्या टाचेचा भार माझ्या तळहातावर आला, आणि मी तरीही हात हलवला नाही.