बांधावरचे हात

सगुणाबाईच्या शेताकडेची काटेरी तार रोज थोडी थोडी गायब होत होती, आणि ती कोण नेतंय हे सगुणाबाईनं मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं. पुराव्याबिराव्याची तिला गरज वाटत नसे. लढाईच्या दिवसांत मिलिटरीनं तिच्या शेतात खांब ठोकून तार ओढली, तेव्हा पुरावा कोणी मागितला होता? लढाई संपली, मिलिटरी गेली. आता जमीन परत मिळणार म्हणून तिच्या नवऱ्यानं नांगराला नवा फाळ बसवला. तोवर मिलिटरीच्या मोकळ्या बराकी फाळणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी भरून गेल्या. फाळ गंजला, नवरा वाट बघूनबघून गेला, आणि अंबरनाथच्या वाटेवरच्या माळाचं बघता बघता उल्हासनगर झालं.

आता कुठं सरकारला जाग आली होती. जमिनी परत करायला मोजणीदार यायचा होता. सगुणाबाईच्या बांधाचा जुना दगड सापडला, तर तिथून पुढचा पट्टा तिचा. नाही सापडला, तर थेट ओढ्यापर्यंत सगळं निर्वासितांच्या कॅम्पात. दगड तर मिलिटरीच्या रोलरखाली कधीच गडप झालेला. खूण म्हणून उरली होती ती तार, आणि तीही कोणीतरी पळवत होतं.

तिचा सगळा संशय टेकचंदावर, आणि त्यात भर म्हणून त्याचा चौथरा. टेकचंद हा शेवटच्या बराकीत राहणारा सिंधी, मूर्ती घडवणारा. बाकीचे लोक पापड लाटून, कापड विकून पोट भरायच्या मागे, आणि या गृहस्थानं तारेला अगदी लागून विटांचा चौथरा बांधला आणि त्यावर सिमेंटचे दोन हात उभे केले. देव नाही, माणूस नाही, नुसते कोपरापासूनचे हात. पुरुषभर उंच, तळवे उघडे, आणि वळलेले कुठं, तर तिच्या शेताकडे.

"कनाला केलंस रं हे?" तिनं एकदा तारेपलीकडूनच विचारलं होतं.

"शांती के लिए, माई," टेकचंद म्हणाला. "देखो, हाथ में कुछ नहीं है. न लाठी, न छुरी. आनेवाला दूर से देख ले."

सगुणाबाईला हे मुळीच पटलं नाही. रिकामे हात पुढं करून कोणी द्यायला उभं राहतं का? घ्यायलाच ना! आज हात उभे राहिले, उद्या त्यांच्यावर पत्रे चढतील, परवा तिथं दुकान लागेल, आणि आपण बसू ओढ्याकाठी हात चोळत.

गावात हरिचंद्र नावाचा एक गृहस्थ होता. गावातली कुठलीही भानगड त्याच्या ओटीवरून गेल्याशिवाय पुढं जात नसे. त्यानं तोड काढली.

"वयनी, मोजणीच्या आधी त्याला शेंदूर फास. शेंदूर दिसला का देव आपला, आन देव आपला तं जमीन आपली. वाडवडलांपासून हाय म्हनायचं, बस."

पेरणीआधी बांधाच्या दगडाला शेंदूर लावून नारळ फोडायची गावाची रीतच होती. त्यामुळं सगुणाबाईला त्यात काही वावगं दिसलं नाही. मोजणीच्या दिवशी उजाडता उजाडता ती तेलात कालवलेला शेंदूर घेऊन गेली. लावायचा होता चौथऱ्याला. पण ते हात समोर आले आणि तिचं डोकं फिरलं. मागतायत काय मेले! तिनं दोन्ही तळव्यांना, बोटांना, पार मनगटापर्यंत शेंदूर चोपडला. तेल ओघळून विटांवर ठिबकायला लागलं. मग ती ओढ्याकडं गवत कापायचं सोंग करत बसली.

पाण्याला निघालेल्या एका सिंधी बाईनं ते हात पहिल्यांदा पाहिले. तिच्या काखेतली कळशी खाली पडली.

"खून! खून!"

बराकींतून माणसं धावत आली. म्हाताऱ्या छाती पिटायला लागल्या. एकीनं आपल्या पोरींना फरपटत आत नेलं आणि कडी घातली. पुरुषांनी विटा उचलल्या, काठ्या काढल्या.

"गाँववालों का काम है. धमकी है ये."

"उधर भी ऐसे ही शुरू हुआ था," कोणीतरी म्हणालं.

सगुणाबाई विळा टाकून धावत आली. आपण लावलेला शेंदूर कोणाला रक्त दिसेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आरडाओरडा ऐकून गावातलीही माणसं जमली, हरिचंद्र सगळ्यांच्या पुढं. टेकचंद तेवढा पाण्याची बादली घेऊन आला. तो ओल्या गोणपाटानं हात घासत राहिला. तेलातला शेंदूर, सिमेंटात मुरलेला. तो कसला निघतोय!

अशात मोजणीदार साखळी घेऊन हजर झाला. त्यानं हात पाहिले, शेंदूर पाहिला.

"हा देव कोणाचा?"

"आमचा," हरिचंद्र म्हणाला. "वाडवडलांपासूनचा. इचारा हिला, हिचंच शेत हाय."

सगळे सगुणाबाईकडे बघायला लागले. नुसतं हो म्हणायचं होतं, की पट्टा तिचा. नवऱ्यानं बसवलेला तो फाळ तिच्या डोळ्यांपुढं आला. आणि कडी घातलेल्या दारामागून पोरींचं रडणं ऐकू येत होतं.

"देव नाय," ती म्हणाली. "हात हायेत. यानं केलेत. शेंदूर मी लावलाय, आज सकाळी." मग ती कॅम्पवाल्यांकडे वळली. "रगत नाय गो बायांनो! बांधाच्या दगडाला लावतो आम्ही, त्योच शेंदूर. जमीन माझी दिसावी म्हनून लावला. तुमाला मारायला कोन येत नाय!"

हरिचंद्रानं कपाळावर हात मारून घेतला.

टेकचंद घासायचा थांबला. "पत्थर को लगाते हो ये? जमीन के पत्थर को?"

"हाव. बांधाच्या."

त्यानं गोणपाट खाली टाकलं. मग बराकीत जाऊन घण घेऊन आला, आणि कोणाला काही कळायच्या आत त्यानं स्वतःच्याच चौथऱ्यावर घाव घातला.

"अरं, फोडतंस कनाला!" सगुणाबाई ओरडली.

विटा ढासळल्या. हात कलले. उजवा हात मनगटापासून तुटून खाली पडला, तरी टेकचंद थांबला नाही. विटांच्या पोटातून एक काळा दगड वर आला. त्यावर फाळ कोरलेला होता, तिच्या सासऱ्यानं कोरलेला, आणि खाचेत जुना शेंदूर होता.

"नींव खोदी तब निकला," टेकचंद धापा टाकत म्हणाला. "सिंदूर देखा तो समझा किसी का भगवान है. हिलाया नहीं, चारों तरफ बाँध दिया. मुझे क्या मालूम, माई, आपका है."

मोजणीदारानं तिथूनच साखळी टाकली. पट्टा सगुणाबाईचा ठरला आणि गावकऱ्यांनी एकच गलका केला. तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती पडलेला हात उचलायला वाकली, तशी तिच्या बोटात कळ गेली. तुटलेल्या मनगटातून, सिमेंटाला आतून धरायला घातलेली काटेरी तार बाहेर आली होती.

"म्हंजे तार तूच नेलीस!" तेवढं तरी तिचं खरं निघालं.

"हाँ, माई," टेकचंद खाली मान घालून म्हणाला. "मिलिटरी की थी. सोचा, आपको भी नहीं चाहिए होगी."

सगुणाबाई खाली बसली. तो जड हात तिनं मांडीवर घेतला आणि पदरानं शेंदूर पुसून पाहिला. निघेना, तरी ती पुसत राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायला मात्र तिला सुचलं नाही.

"चौथरा परत बांध," ती म्हणाली. "माझ्या जमिनीत आला तरी चालंल. आन वढ्याकडं अजून तार हाय. ने."