ममीचे आतले डोळे

त्या दिवशी आपण जेवायला बाहेर गेलो हीच चूक झाली, असं बालवाडीची शिक्षिका वर्ना पुढे कितीतरी दिवस स्वतःला बोल लावत होती. जेवण म्हणजे तरी काय, तर गाडीत बसून खाल्लेलं टर्कीचं सँडविच आणि थर्मासमधली कॉफी. मुलं झोपली होती, सहायिका खोलीत होती, आणि चार वर्षांच्या पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून बसून वर्नाची कंबर धरली होती. म्हणून ती गेली. तेवढ्यात ब्रिनने डाव साधला.

ब्रिन ही बालवाडीची नवी संचालिका. उन्हाळ्यात आली आणि आल्या आल्या तिने भिंतींना एकच फिकट रंग दिला, मुलांचे जुने कागद उतरवले आणि प्रत्येक कामासाठी एक नमुना काढला. नमुना समोर ठेवायचा, मुलांनी हुबेहूब तसं करायचं. वर्नाने निम्मं आयुष्य या खोलीत काढलेलं. तिची रीत साधी होती. सामान मुलांपुढे ठेवावं, कात्रीवर लक्ष ठेवावं आणि बाकी आपले हात पाठीमागे बांधावेत. भोपळा निळा झाला तर झाला. कुणाचं काय बिघडतं?

हॅलोविन, म्हणजे भुताखेतांची सोंगं घ्यायचा सण, जवळ आलेला. कागदी थाळ्यांचे भोपळे झाले होते, अंड्यांच्या खोक्यांची वटवाघळं झाली होती. पांढऱ्या रंगात पाय बुडवून काळ्या कागदावर ठसे उमटवून झाले होते. कागद उलटा धरला की टाचेचं डोकं आणि बोटांची झालर, झालं भूत. त्या दिवशी सकाळी ममी, म्हणजे पट्ट्यांत गुंडाळलेले इजिप्तचे मुडदे, करायच्या होत्या. स्वयंपाकघरातल्या टॉवेल-कागदाच्या पुठ्ठ्याच्या नळ्या अर्ध्या कापलेल्या, त्यांना गोंद, गोंदावर बँडेजच्या पट्ट्या आणि शेवटी हलणारे दोन प्लास्टिकचे डोळे. दुपारी पालक यायचे होते, खाऊ होता, आणि प्रत्येकाने आपली ममी घरी न्यायची होती.

ऑगीने पट्ट्या गुंडाळल्या त्या नळी दिसेनाशी होईपर्यंत. तोंडाला जागाच ठेवली नाही. मग करंगळीवर एक डोळा घेऊन, जीभ बाहेर काढून, त्याने तो नळीच्या आत लावला. दुसराही आतच. दोनदा पडला, दोनदा उचलला. सगळी पोरं हात धुऊन आली तरी ऑगी बसलेलाच.

"आत कशाला रे?" वर्नाने विचारलं.

"तो आत झोपतो ना. बाबा नळीला डोळा लावणार. मग तो आतून बघणार." ऑगी हसायला लागला. "बाबा असे घाबरणार, असे घाबरणार, की पडणार!"

एरवी दिवसभरात चार शब्द बोलणारं पोर ते. वर्नाने नळीला डोळा लावला. अंधारातून दोन बुबुळं तिच्याकडे टकमक बघत होती. ती खरंच दचकली. साऱ्या हॅलोविनमध्ये त्या बालवाडीत घाबरवणारी वस्तू ही एकच, आणि ती या चिमुरड्याने केलेली.

त्याचा बाप गार्थ ईरी सरोवरावरच्या मालवाहू बोटीवर कामाला. उन्हाळ्यानंतर ऑगीने त्याला पाहिलं नव्हतं. आज त्याची बोट गावच्या धक्क्यावर लोहखनिज उतरवायला लागली होती, आणि संध्याकाळी निघणार होती. मधल्या वेळात तो शाळेत येणार होता. आई दवाखान्यात कामाच्या पाळीवर. म्हणजे काय दाखवायचं ते आजच.

वर्ना जेवून आली तेव्हा फळीवर ममी ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांचे डोळे समोर, एका उंचीवर, एका अंतरावर. पट्ट्यांची सुटलेली टोकं कापलेली. जशा काही कारखान्यातून आल्यात. टेबलावर गोंद वितळवून लावायची ग्लू गन अजून गरम होती.

ऑगी झोपेतून उठला तो थेट फळीकडे गेला. एकेक नळी उचलून बुडाशी लिहिलेलं नाव बघत गेला. स्वतःचं नाव तेवढं त्याला ओळखता येत होतं. सापडल्यावर त्याने नळी डोळ्याला लावली, आणि बराच वेळ लावून ठेवली.

"ह्याचे डोळे काढले," तो म्हणाला. रडला नाही. रडला असता तर वर्नाला बरं वाटलं असतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ब्रिनच्या खोलीचं दार तिने वाजवलंसुद्धा नाही.

"मुलांच्या कामाला हात कुणी लावला?"

"मी जरा नीट केलं," ब्रिन हसून म्हणाली. "वर्ना, अहो, एकाचे डोळे तर नळीत पडले होते!"

"पडले नव्हते. त्याने लावले होते."

"आत? आत कोण डोळे लावतं?"

"ज्याला डोकं असतं तो लावतो!"

ब्रिनचं हसू जरा आटलं. "हे बघा, पालक फोटो काढतात, सगळीकडे दाखवतात. त्यात आपली शाळा दिसते. वेडंवाकडं दिसलं तर लोक म्हणतील, इथे मुलांकडे कुणी बघत नाही."

"बघत नाहीच! तू नळ्यांकडे बघतेस. चल, त्याचे डोळे परत आत लाव."

"आता निघायचे नाहीत ते. पट्टी फाटेल. आणि त्याच्या वडिलांना काय कळणार आहे? तुम्ही विषय काढू नका, म्हणजे झालं."

बाहेर गाड्यांची दारं वाजायला लागली होती. वर्ना दातओठ खात खोलीत परतली. ऑगीला पटकन दुसरी नळी आणि नवे डोळे द्यावेत म्हणून ती कपाटाकडे वळली, तोवर पालक आत शिरलेसुद्धा. कुणी केक आणले, कुणी सफरचंदाचा रस. सोंगं घेतलेली पोरं, एक परी, दोन डायनासोर आणि एक अग्निशामक जवान, तिच्या पायात घुटमळू लागली.

गार्थ आला तो कामाच्या जाकिटातच, खांद्यांवर तांबूस धूळ. ऑगी धावत जाऊन त्याच्या गुडघ्याला चिकटला. वर्ना तिकडे पोचायच्या आत ब्रिन ममी घेऊन हजर.

"ही बघा तुमच्या ऑगीची कामगिरी!"

"अरे वा रे पठ्ठ्या!" गार्थ खाली बसला. "हे तू केलंस? एकट्याने?"

"मी नाही केलं," ऑगी म्हणाला.

ब्रिन खळखळून हसली. "लाजतोय हो."

"लाजतोस काय गड्या? हे काय, नाव आहे की तुझं." गार्थने नळी उलटी करून दाखवली. "अक्षरं बघ. ए, यू. तुझंच ना? मग? बाबाला खोटं सांगतोस होय?"

ऑगीने नावाकडे पाहिलं. मग बापाच्या आनंदी तोंडाकडे. मग मान खाली घातली.

"मी केलं," तो म्हणाला.

"शाब्बास!" ब्रिन म्हणाली.

शाब्बास! चार वर्षांच्या पोराला आपल्यादेखत खोटं बोलायला लावलं, वर त्याला शाब्बासकी. नोकरी गेली खड्ड्यात, असं वर्नाच्या मनात स्वच्छ आलं.

"खोटं आहे ते," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की डायनासोरसुद्धा थबकले. "पहिल्यांदा बोलला तेच खरं होतं. याने केलेलं हिने मोडलं. आणि मंडळी, तुमच्या हातातलं एकही तुमच्या पोरांचं नाही. झोपवून ठेवून केलंय सगळं."

"वर्ना, प्लीज," ब्रिन पुटपुटली. एक आई म्हणाली, "पण छान दिसतंय की." वर्नाने तिच्याकडे असं बघितलं की ती केककडे वळली.

गार्थ उठला नव्हता. "याचं कसं होतं?"

वर्नाने सांगितलं. अंधार, आतले डोळे, बाबा घाबरून पडणार, सगळं. गार्थने नळी डोळ्याला लावली. आत वाळलेल्या गोंदाचे दोन ठिपके होते. त्याने ती हळूच खाली ठेवली, आणि तो बुटक्या खुर्चीवर बसला तेव्हा त्याचे गुडघे टेबलाच्या वर आले.

"बोट सुटायला वेळ आहे अजून," तो म्हणाला. "चल, दुसरा कर. मला घाबरायचंय."

वर्नाने नळी, गोंद, पट्ट्या, डोळे सगळं त्याच्यापुढे मांडलं आणि हात पाठीमागे बांधले. ऑगीने पट्ट्या गुंडाळल्या. घट्ट नाही, भराभर, काम उरकल्यासारख्या. मग त्याने तळहातावर दोन डोळे घेतले आणि तो खुर्चीवरून उतरला. बापाकडे नाही, वर्नाकडे नाही. तो ब्रिनपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

"कुठे लावू?" त्याने विचारलं.

ब्रिनचा हात सवयीने पुढे आला.

"खबरदार," वर्ना म्हणाली. "एक शब्द बोललीस तर याद राख."

ऑगी हात तसाच वर धरून ब्रिनच्या तोंडाकडे बघत, ती कधी सांगते याची वाट पाहत उभा राहिला.