सोडतीत लागलेला ससा

वारगनच्या पबमध्ये दर शुक्रवारी सोडत असे, आणि विल्फ मॅडॉक दर शुक्रवारी तिचं एक तिकीट घेई. एकतीस वर्षांत त्याला साधी कोंबडीदेखील लागली नव्हती. पन्नास सालच्या उन्हाळ्यात (तिकडे तो डिसेंबरात येतो) नशीब उघडलं, आणि लागला तो आजारी ससा.

सोडतीत असा ससा ठेवायची अक्कल पबवाल्या आयरिस कीननची. सशांनी नदीकाठी उच्छाद मांडला होता, मेंढ्यांना गवताची काडी उरत नव्हती. मग सरकारने मिक्सोमॅटोसिस नावाचा रोग आणला. पलीकडच्या तालुक्यात त्याने सशांचा फडशा पाडला, तेव्हापासून इकडचे मेंढीवाले एका रोगी सशासाठी जीव टाकत होते. आयरिसच्या भावाने तसला एक पोत्यात घालून आणला. डोळे चिकटलेले, कानांवर गाठी. आयरिसने गळ्यात लाल फीत बांधून त्याला बारवर मांडला. सरकारी ढोरडॉक्टर म्हणाला, "देवीच्याच घराण्यातला रोग आहे, पण माणसाला शिवत नाही." तरी अर्ध्या पबने बाह्या सारून आपापले लशीचे व्रण जागेवर आहेत ना, ते पाहून घेतलं.

विल्फचा नंबर निघाला तसे सगळे छप्पर उडेल असे हसले. कारण वारगनमध्ये सशांवर पोट भरणारा माणूस एकच, आणि तो विल्फ. चाळीस वर्षं सापळे लावून तो मांस खाटकाला विकत होता आणि कातडी टोप्या बनवणाऱ्यांना.

"सोड बघू याला माझ्या कुरणात," हेक्टर प्रिंगल म्हणाला. सगळ्यांत मोठं कुरण त्याचं. "आणि तू दुसरा धंदा बघ, म्हाताऱ्या."

"सोडीन की. प्रवासाला धडधाकट तर होऊ दे."

"अरे, मरायला टेकलाय तो!"

"म्हणूनच. अंगात ताप असताना पाहुण्याला कुणी वाटेला लावतं का?"

सोडतीचं बक्षीस ज्याचं त्याचं, त्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही. वारगनमध्ये एवढा एकच कायदा सगळे पाळत. प्रिंगल दात-ओठ खात घरी गेला.

विल्फला एक गोष्ट पक्की कळली होती. ससा मेला तर प्रिंगल उद्या दुसरा आणवेल. तो जिवंत आहे तोवर हे लोक वाट पाहतील. रोग पसरवतात डास, तेव्हा डास लांब ठेवले की रानातले ससे जगतील, आणि त्यांच्यावर विल्फ. घरात मच्छरदाणी एकच होती, ती सशाला गेली. विल्फ बाहेर स्वतःच्याच थोबाडीत मारत झोपू लागला.

रोज सकाळी तो गार चहात फडकं बुडवून सशाचे डोळे पुसे आणि भिजवलेला पाव बोटाने भरवी. त्याच बोटांनी त्याने हजारो माना मुरगळल्या होत्या. नाव ठेवायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. चौथ्या दिवशी ती मादी आहे हे लक्षात आलं, आणि पाचव्या दिवशी तो तिला मेव्हिस म्हणायला लागला.

मेंढीवाले टोप्या काढून प्रकृतीची चौकशी करायला येत. प्रिंगलबाई केक घेऊन आल्या आणि जाता जाता मच्छरदाणीला कात्री लावून गेल्या. विल्फने तिथे जुन्या मोज्याचं ठिगळ मारलं. केक मात्र चांगला होता.

नाताळच्या आठवड्यात सावलीतही पारा एकशे दहा फॅरनहाइटवर गेला. मच्छरदाणीत मेव्हिस धापा टाकत होती. विल्फला ते बघवेना. पिंजरा घेऊन तो नदीवर गेला, निलगिरीच्या झाडाखाली ठेवला आणि जरा वारा लागावा म्हणून मच्छरदाणी काढली. तासभरच, असं म्हणत तो आडवा झाला. जागा झाला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मेव्हिसच्या कानांवर डासांची पंगत बसली होती.

पंधरा दिवसांत कुरणं मेलेल्या सशांनी भरली. प्रिंगल व्हिस्कीची बाटली घेऊन आला. "उशीर केलास, पण गावासाठी केलंस हो!"

"मी तिच्यासाठी केलं होतं," विल्फ म्हणाला, आणि त्याला रडूच कोसळलं. पोट तर गेलंच होतं, पण ते आपल्याच मायेने गेलं याची त्याला जास्त लाज वाटत होती. प्रिंगलला वाटलं, व्हिस्की पाहून भरून आलं असेल.

त्याच आठवड्यात मेव्हिसने एक डोळा उघडला, मग दुसरा. गाठी वाळून गळाल्या. शंभरात एखादा वाचतो आणि वाचलेल्याला हा रोग पुन्हा धरत नाही म्हणत, ती वाचली होती. विल्फने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. आणखी एक गोष्ट त्याने पोटातच ठेवली. प्रिंगलच्या टेकाडावर कानांवर वाळक्या खपल्या असलेला एक नर निवांत गवत खाताना त्याला दिसला होता. आयुष्यात पहिल्यांदा ससा पाहून त्याचा हात सापळ्याकडे गेला नाही.

मार्चमध्ये तो पिंजऱ्यावर मच्छरदाणी घालून प्रिंगलच्या फाटकाशी आला. मोज्याचं ठिगळ तसंच होतं.

"अजून जिवंत आहे ती?" प्रिंगल म्हणाला.

"शब्द दिला होता तुला. प्रवासाला तयार झाली."

"वा! उरलेसुरले असतील तेही जाऊ देत!" प्रिंगलने फाटक स्वतः उघडलं.

टेकाडाच्या पलीकडे, प्रिंगलला दिसणार नाही अशा जागी, विल्फ एका बिळापाशी गुडघ्यांवर बसला. चाळीस वर्षं त्याने या बिळांतून ससे काढले होते, आज पहिल्यांदा एक परत ठेवत होता. मेव्हिसने त्याचं बोट हुंगलं आणि ती आत गेली.

"काय रे, एकटी काय करणार ती?" प्रिंगल फाटकावरून ओरडला.

"एकटी नाही ती," विल्फ म्हणाला, पण बिळालाच ऐकू जाईल एवढंच.