हुरड्याला सोकावलेला मकाऊ

बसा की राव हितंच बांधावर. वरकुट्याच्या विशालनं आणलेल्या परदेशी पाखराचं सांगतो, आन् त्येच्या आत्याच्या कणसांचं बी.

ह्यो विशाल हुरडा पार्टी चालवतो. बारामतीची, पुण्याची लोकं गाड्या घिऊन येत्यात. त्येवढ्यानं ह्याचं भागंना, म्हणून मकाऊ आणला, म्हंजी थोरला परदेशी पोपट. निळी पाठ, पिवळं पोट, चोच अडकित्त्यावानी. पाव्हण्यांम्होरं मोकळा उडवायचा, शीळ घातली की हातावर आला पायजे. त्येच्यासाठी ह्या शहाण्यानं पाखराला खाऊ कशाचा लावला? ज्वारीच्या हुरड्याचा.

शेजारीच गोजरआत्याचा गुळभेंडी ज्वारीचा तुकडा. आईकडनं आलेलं बियाणं. ह्या साली कणसं गेली तर वाणच बुडाला. म्हणून म्हातारी दिसभर गोफण घिऊन रानातल्या माळ्यावर.

"आत्या, ह्यो ब्राझीलच्या जंगलातला," विशाल सांगायचा. "उंच झाडाच्या ढोलीत ऱ्हातो, टणक फळं फोडतो, नदीकाठची माती खातो."

"माती खायाला त्येवढ्या लांबनं पाखरू कशाला? तू हायेस की घरचा."

रविवारी पाव्हणं जमलं. विशालनं पिंजरा उघडला. पाखरू वर गेलं, खाली बघितलं, तर शिवारभर हुरडाच हुरडा. मंग ह्येच्या चिमटीतल्या चार दाण्यांसाठी कशाला येतंय? उतरलं आत्याच्या तुकड्यात. चिमणी बिचारी दाणा टिपती. हे साहेब अख्खं कणीस तोडायचं, पायात धरून दोन घास खायाचं, बाकीचं फेकून द्यायचं. लग्नातल्या बुफेला आल्यावानी.

आत्यानं गोफण उचलली. विशाल धावत आला.

"नको आत्या, बुजून जाईल. दोन दिस खाऊ दे, मी धरतो."

"माझं बियाणं खाऊ दे?"

"ज्वारीचं काय, दुकानातनं आणून देतो."

किडक्या वांग्याकडं बघावं तसं आत्यानं त्येच्याकडं बघितलं. "बरं," म्हणली. गोफण ठिवली, घरनं जुनी लुगडी फाडून आणली आन् सांजपातुर कणसांना टोपरी बांधत बसली. पाखरानं चोच मारली, चिंधी चघळली, थुकली, आन् गेलं विशालच्या हुरड्यात.

आता तितंच लिंबावर मुक्काम हाय त्येचा. विशाल खालनं शीळ घालतो, पाखरू वरनं अर्धी कणसं टाकतंय, आन् पाव्हणं भेळ खाऊन माघारी जात्यात.

फकस्त आत्याची लुगडी संपली. कडंच्या वळीतली कणसं आजून उघडी हायती. मी सकाळी तिकडंच निघालोय, तवा घरात एखादं जुनं लुगडं पडलं आसलं तर तेवढं द्या माझ्याजवळ.